ळ

तुझ्या आडनावातला ळ
मी मिसरूड फुटायच्या आत शिकलो.
दोन्ही पोटं सारखी यायला हवीत,
नाहीतर अक्षर तिरळं बघतं.

बापूसाहेब उमाळे विद्यालय, बोरगव्हाण.
बापूसाहेब उमाळे जिनिंग अँड प्रेसिंग.
पाणपोईवर, पुलाच्या कठड्यावर,
स्मशानातल्या शेडच्या पत्र्यावरसुद्धा
सौजन्य : उमाळे परिवार.
एका इलेक्शनला एकशेबारा भिंती,
गेरूत सरस कालवून.
तू शिडी धरून उभा.
लोक म्हणत, घरचं पोरगं शिडी धरते,
म्हणजे भिंतीवरचा येतेच निवडून.

आणि रात्री अडाणच्या डोहाशी तू :
"चंपत, मले पोहता येत नाही
हे कोणाले सांगू नको गा."
बापूसाहेबांनी पुरात उडी घेऊन
सात माणसं काढली होती.
पुतळ्याखालच्या दगडावर ती उडी आहे,
दरवर्षी मीच तिच्यात काळा रंग भरतो.
मी सांगितलं नाही.
चव्वेचाळीस वर्षं झाली.

लोक अर्ज माझ्या दुकानात ठेवून जात.
"तुयं चालते त्यायच्याकडे."
टर्पेंटाइनचा वास लागलेले ते कागद
तू घडी करून खिशात घालायचास,
पुढे त्यांचं काय व्हायचं
मी कधी विचारलं नाही.

मी एकदाच मागितलं.
आमच्या वनमालेसाठी, शाळेतली कारकुनाची जागा.
तू मान हलवलीस, चहा अर्धा सोडलास.
यादी लागली. ती नव्हती.
ज्या फळ्यावर लागली
त्यावरचं 'सूचना' माझ्याच हातचं.

मग दोन उन्हाळे
तू दिसलास की मी ब्रश धुवायला मागे जायचो.
तू रिकाम्या डब्यावर बसायचास.
उठायचास तेव्हा पँटीला ओला रंग,
आणि बाजारातून तसाच चालत जायचास.
कोणी हसायचं नाही. उमाळे ना.

बिसन चपराशानं सांगितलं,
रिटायर झाल्यावर, रोडग्याच्या पंगतीत :
"देवमनभाऊ उभा होता ना गा थोरल्यापुढं,
हात जोडून. पोरीचं नाव घेतलं त्यानं.
थोरला पेपर वाचत रायला.
मंग म्हणे, तुले या घरात कोण विचारते?"

मी रोडगा मोडला.
वरणात आणखी तूप मागून घेतलं.
वनमालेला काही बोललो नाही.
मला कळलंय हे तुलाही अजून माहीत नाही.
फक्त त्या संध्याकाळी डब्यावर
जुना पेपर अंथरून ठेवला.
तू आलास, हातानं चाचपून पाहिलंस.
"सुकला का आज?"
सुकला, म्हटलं.

आता फ्लेक्स आले, यवतमाळहून छापून येतात.
कॉम्प्युटरचा ळ, दोन्ही पोटं अगदी सारखी,
त्याला कोणाची भीती नाही.
खालच्या रांगेत तुझा फोटो असतो,
सतरावा, बोराएवढा.

परवा तू म्हणालास,
मळ्यातल्या मोटारीच्या खोलीवर नाव टाकून दे.
अर्धा डबा निळा उरला होता.
शिडीची गरज नव्हती, तरी तू
माझ्या स्टुलाला हात लावून उभा.
"काय लिहू?"
"देवमन."
"आन् पुढं?"
तू तुरीच्या ओळींकडे बघत राहिलास.
"पुढं काहीच नोको."

दे, व, म, न.
एकही अक्षर अवघड नाही.
पण हाताला इतक्या वर्षांची सवय,
ब्रश आपला आपण पुढे सरकला,
उ चा अर्धा वळसा पडून गेला.
चिंधीनं पुसला, तरी भुरका डाग राहिला.
मी चुना आणायला निघालो तर तू म्हणालास,
"राहू दे गा.
कोणी पुसलं तं सांगू
चिमणी बसली होती ओल्यावर."